"अजून वर्षभर ठेवू, का काढून टाकू?" : गाडी बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं गाड्यांच्या विम्याचं काम चालतं. पॉलिसी रिन्यू करायला आलेला माणूस चहा संपायच्या आत वरचा प्रश्न हमखास विचारतो. मी मेकॅनिक नाही आणि शोरूमचा माणूसही नाही. माझा फायदा एवढाच, की तीच गाडी आणि तोच मालक दरवर्षी माझ्यासमोर येतो. कुणी घाई केली आणि कुणी फार ताणलं, हे उशिरा का होईना पण कळतं. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे "धरू" म्हटलंय ते आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे आपल्या गाडीचे आकडे घाला.

फार खोलात नको. एका वाक्यात सांगा, गाडी किती वर्षं ठेवावी?

नवी घेतलेली, घरचीच माणसं चालवणारी, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणारी पेट्रोल गाडी असेल तर दहा ते तेरा वर्षं. गाडी यात बसत नसेल तर खोलात जावंच लागेल.

पाच वर्षांनी विकली की किंमत चांगली येते. मग दर पाच वर्षांनी बदलणं शहाणपणाचं नाही का?

किंमत चांगली येते हे खरं. पण गाडीचे पैसे कधी पडतात ते बघा. धरू, गाडी ऑन-रोड सात लाखांना पडली. तीन वर्षांनी तिला ४ लाख ६० हजार येतात, पाच वर्षांनी ३ लाख ६०, आठ वर्षांनी २ लाख ३०, बारा वर्षांनी १ लाख १० हजार. म्हणजे पहिली तीन वर्षं दरवर्षी ऐंशी हजार नुसते उडून गेले, दारात उभी असली तरी. पुढची दोन वर्षं पन्नास-पन्नास हजार. आठव्या वर्षानंतर ही घट वर्षाला तीस हजारांवर येते.

उलट बाजूला गॅरेजचा खर्च चढत जातो. तोही धरू : पहिली तीन वर्षं आठ हजार, मग दोन वर्षं बारा, पाच ते आठ या काळात अठरा, आणि त्यापुढे सरासरी अठ्ठावीस हजार. दोन्ही बेरजा केल्या तर पाच वर्षांनी बदलणाऱ्याला गाडी वर्षाला साधारण साडेसत्त्याहत्तर हजारांना पडते, बारा वर्षं ठेवणाऱ्याला सदुसष्ट हजारांना.

फरक वर्षाला दहा हजारांचा. हा आकडा ऐकून बरेच जण म्हणतात, "एवढाच? मग नवी फिरवलेली काय वाईट?" पण यात अजून हप्ता आलेला नाही. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज जवळजवळ १ लाख ४७ हजार. बारा वर्षंवाल्याला हे एकदाच. पाच वर्षंवाल्याचा हप्ता संपतो आणि तो पुन्हा शोरूमच्या काचेसमोर उभा राहतो. जुनीचे पैसे घातल्यामुळे पुढचं कर्ज लहान असेल, पण हप्त्याविना महिना त्याच्या नशिबी येत नाही. शिवाय एकरकमी वाहन कर. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के. हा कर तुम्ही भरता, गाडीबरोबर तो पुढच्या मालकाकडे जातो, आणि तुम्ही नव्या गाडीवर पुन्हा नव्याने भरता.

हौस असेल तर पाच वर्षांनी बदला, कुणाचं काही म्हणणं नाही. फक्त त्याला बचत म्हणू नका.

गॅरेजवाल्याने ४५ हजारांचं काम काढलंय. गाडीची किंमतच सव्वा लाख आहे. घालावे का पैसे?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत जास्त चुकीचं उत्तरही याच प्रश्नाला मिळतं. लोक दुरुस्तीची तुलना गाडीच्या किमतीशी करतात. "सव्वा लाखाच्या गाडीला पंचेचाळीस घालतोस? येडा का काय?" असं मेव्हणा म्हणतो आणि गाडी विकली जाते.

माझ्या मते तुलना दुसऱ्याच रकमेशी करायला हवी : ही गाडी काढून जी आणणार, तिचं येणारं वर्ष तुम्हाला कितीला पडेल? वरचीच सात लाखांची गाडी घ्या. पहिल्या वर्षाची घट सरासरीने ऐंशी हजार. कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज पन्नास हजारांच्या आसपास, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. वर मोठ्या रकमेचा विमा. म्हणजे सव्वा-दीड लाखाचं वर्ष. त्यासमोर ४५ हजार घालून जुनी गाडी दोन वर्षं बिनघोर चालणार असेल, तर काम करून घ्या आणि मेव्हण्याला चहा पाजा.

आता यातली मेख. "दोन वर्षं बिनघोर" हे कोण सांगणार? क्लच प्लेट, लोअर आर्म, बुश, शॉकअप, स्टेअरिंग रॅक ही कामं एकदा नीट केली की मिटतात. पण एक काम झालं, दोन महिन्यांनी दुसरं, मग तिसरं, अशी रांग लागली तर प्रत्येक बिल एकेकटं परवडणारंच वाटतं. कोडोलीच्या एका गुरुजींचं असंच झालं. दीड वर्षात चार बिलं, मिळून एक लाख दहा हजार, आणि शेवटच्या बिलानंतर चार महिन्यांत गाडी विकली. पहिल्या बिलालाच विकली असती तर परवडलं असतं. चौथ्या बिलानंतर, सगळं काम झालेलं असताना विकणं हा सर्वांत महाग मुहूर्त. म्हणून मोठं काम निघालं की फिटरला थेट विचारा, "हे केलं तर पुढच्या दोन वर्षांत अजून काय काय येईल?" नेहमीचा माणूस असेल तर तो खरं सांगतो. ती सगळी यादी बेरजेला धरा आणि मगच ठरवा.

कुठलं काम निघालं की हात आखडता घ्यावा?

गंज. वरच्या पत्र्याचा नव्हे, तो डेंटिंग-पेंटिंगने जातो. खालचा म्हणतोय मी. गाडी लिफ्टवर चढवून चासी, सस्पेन्शनचे माउंटिंग आणि फ्लोअर बघायला सांगा. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पावसाच्या पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे लवकर होतं. माण-खटावची गाडी धुळीने माखलेली दिसेल, तिचा एअर फिल्टर भरलेला असेल, पण पोटाखाली ती बहुधा खणखणीत असते.

दुसरं, इंजिन तेल पीत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर जुन्या गाडीचं इंजिन खोलण्याआधी शंभरदा विचार करा. तिसरं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मोठं काम.

आणि स्पेअर पार्ट. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्या वाईट नव्हत्या, काही तर दणकट होत्या. पण एखाद्या हेडलाइटसाठी गाडी तीन आठवडे गॅरेजच्या दारात उभी राहणार असेल, तर तो खर्चही हिशोबात धरा.

वर्षं बघायची की किलोमीटर?

दोन्हींच्या आधी गाडी कुठे फिरली ते बघा. आठवड्याला सातारा-पुणे करणारी, लाखभर किलोमीटर झालेली गाडी आणि राजवाडा ते पोवई नाका एवढंच फिरून चाळीस हजार झालेली गाडी, यांत मी डोळे झाकून पहिली घेईन. हायवेवर इंजिन गरम राहतं, क्लच-ब्रेकला काम कमी. गावातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, बॅटरी भरत नाही आणि क्लच मात्र दर चौकात घासतो.

त्यातही २०२० नंतरची, प्रदूषणाच्या नव्या नियमांची (बीएस-६) डिझेल गाडी नुसती गावात फिरवणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तिच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला सलग वेगात चालणं लागतं. ते मिळालं नाही की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग गॅरेज. गावातच फिरायचं तर पेट्रोल घ्या.

घाटाचं वेगळं. यवतेश्वरावरून कासला, पसरणीने पाचगणीला, कुंभार्लीने चिपळूणला, पुण्याहून येताना खंबाटकी. चढाला क्लच आणि उताराला ब्रेक खर्च होतो. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात. इंजिनचा धरून ठेवणारा जोर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. आणि आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन जवळपास घेतच नाहीत. म्हणजे वाचत काहीच नाही.

गाडी कमीच फिरते, वर्षाला तीन हजार किलोमीटर. मग वीस वर्षं टिकेल ना?

रबराला किलोमीटर कळत नाहीत. होसपाइप, बुश, वायपर, टायर वयानेच कडक होतात. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. ३४१९ असेल तर तो २०१९ च्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर. वरची नक्षी शिल्लक दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर हायवेला नेऊ नका. बाकी गाडी टिकेल, हो.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते म्हणे?

नाही. ही अफवा दर सहा महिन्यांनी फोनवर फिरते आणि माझा फोन दोन दिवस वाजत राहतो.

घोळ कुठून झाला ते सांगतो. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. ते दिल्लीचं. दुसरं, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. ते सरकारी गाड्यांचं. तुमच्या एमएच ११ किंवा एमएच ५० च्या खासगी गाडीला यातलं काहीच लागू नाही.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून नमुना २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात, आणि असंच दर पाच वर्षांनी. पूर्वी याची फी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून कारला पाच हजार झाली. वीस वर्षं ओलांडलेल्या कारला २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार. शिवाय पाच वर्षांचा पर्यावरण कर, पेट्रोल कारला तीन हजार आणि डिझेलला साडेतीन हजार. यात पासिंगआधी टायर, हेडलाइट, थोडं रंगकाम, पीयूसी हे धरलं की खर्च वीस-पंचवीस हजारांवर सहज जातो. पाच वर्षांवर वाटला तर ही रक्कम मोठी नाही.

म्हणून साडेचौदाव्या वर्षी घाबरून गाडी विकायला काढणाऱ्यांना मी थांबवतो. त्या वयाला गिऱ्हाईक हमखास पाडून मागतं, कारण त्यालाही ते खेटे दिसतात. विकायचीच असेल तर तेराव्या वर्षापर्यंत विका, नाहीतर पासिंग करून ठेवा.

भंगारात द्यायचीच असेल तर?

नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रावरच द्या आणि 'ठेव प्रमाणपत्र' घ्या. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर दोन पैसे हातात येतील, पण आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, तुमच्या नावावर जिवंत राहील. पुढे तुमच्या नंबरची गाडी कुठे सापडली तर उत्तर तुम्हीच द्यायचं.

इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का? त्यासाठी बदलावी का?

हा प्रश्न सातारा-सांगलीत विचारला जावा यात मौज आहे. निम्म्या पाहुण्यांचा ऊस कारखान्याला जातो, इथेनॉलचे पैसे बिलात आले की आनंद, आणि तेच इथेनॉल टाकीत आलं की तक्रार.

आता पंपावर मिळतं ते बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे बनवलेत. त्याआधीच्या गाड्यांत अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी असते. जुन्या गाडीत इंधनाच्या लाइनीतले रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलंय. ते काम काही हजारांचं आहे. तेवढ्यासाठी सात लाख काढू नका. सर्व्हिसिंगला पाइप तपासायला सांगा, आणि अर्धी टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं.

पैशाचा हिशोब सोडून गाडी बदलायचं एखादं कारण आहे का?

आहे, आणि या एका बाबतीत मी लोकांच्या मागे लागतो.

एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या सीटचीही. त्याआधी या वस्तू वरच्या मॉडेलला मिळायच्या, आणि आपल्याकडे लोक मधलं किंवा खालचं मॉडेल घ्यायचे. २०१२-१५ च्या कितीतरी गाड्या आज एकही एअरबॅग नसलेल्या, एबीएस नसलेल्या फिरताहेत. गावात भाजी आणायला ठीक आहे. पण त्याच गाडीतून पाच माणसं बसवून रात्री पुण्याहून येता, हायवेला शंभरच्या वेगात, आणि उसाच्या हंगामात पुढे बिनदिव्याची ट्रॉली असते. क्लेमचे फोटो बघणं माझं रोजचं काम आहे. त्यातले काही विसरता येत नाहीत.

तेव्हा हायवे आणि कुटुंब असेल आणि गाडी एअरबॅगशिवायची असेल, तर ती कितीही गुळगुळीत चालत असो, वरचे सगळे हिशोब बाजूला ठेवा. नवी परवडत नसेल तर २०१९ नंतरची वापरलेली घ्या, पण घ्या.

जुन्या गाडीला फुल विमा ठेवावा का?

गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तिची विमा किंमत ठरलेल्या पायऱ्यांनी उतरते. दुसऱ्या वर्षात वीस टक्के घट, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस, पाचव्यात पन्नास. त्यापुढे ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची. ती फार पाडून लिहून हप्ता वाचवू नका, चोरी झाली तर तेवढेच मिळतात. झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांचे पैसे घसारा न कापता देणारं कव्हर, साधारण पाच-सात वर्षांनंतर मिळणं अवघड होतं. मग बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागाचे निम्मे पैसे तुमचे, आणि दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याच्या भागाचेही निम्मे. गाडीची किंमत लाखाच्या खाली गेली आणि ती दारात सुरक्षित उभी राहत असेल तर नुसत्या थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणाऱ्या विम्यावर, यायला हरकत नाही. १००० ते १५०० सीसीला त्याचा दर ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. माझं कमिशन बुडतं, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

पुरात भिजलेली गाडी ठेवावी का? (सांगलीहून आलेला प्रश्न)

चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं तर साफसफाई करून ठेवा. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर विम्याचे पैसे घ्या आणि गाडी सोडा. वायरिंगचे जोड आत कुजत राहतात आणि वर्षभराने एकेक दिवा पेटायला लागतो. पाणी उतरल्यावर चालू होते का बघायला चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. दुरुस्तीचा अंदाज विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते.

२००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांनंतर भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. वापरलेली घेत असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा आणि कार्पेट उचलून वास घ्या.

मग नवी घ्यावी की तीन वर्षं वापरलेली?

पहिल्या तीन वर्षांची घट दुसऱ्याने सोसलेली गाडी आठ वर्षं वापरणं, हा नुसत्या पैशाच्या हिशोबाने सर्वांत स्वस्त मार्ग. मात्र जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर जास्त असतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आल्यापासून नवी आणि वापरलेली यांतलं अंतर कमी झालंय. दोन्हींचे आजचे भाव घेऊन बसा, दोन वर्षांपूर्वी पाहुण्याने सांगितलेले नकोत.

विकताना काय विसरू नये?

नावावर करून देणं. माझी पहिली गाडी मी ओळखीतून विकली. पैसे रोख मिळाले, फॉर्मवर सह्या दिल्या आणि "टीटी करून घेतो" (म्हणजे गाडी नावावर करून घेतो) या शब्दावर विश्वास ठेवला. आठ महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. माझ्या नावावरच्या गाडीने एकाला उडवलं होतं, आणि विमा संपलेला होता. पुढची दोन वर्षं तारखांना जाण्यात गेली. अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलंय. तेव्हा नमुना २९ आणि ३० भरून घ्या, विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला स्वतः द्या. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बोजा आधी उतरवा, त्याला नमुना ३५ लागतो. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवल्याशिवाय आरटीओचं काम अडतं. कारला ती ७४५ रुपये अधिक जीएसटी.

फास्टॅग बंद करा. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि आनेवाडीला टोल तुमचा.

आणि नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट. विकताना त्याचं पत्र कंपनीकडून घ्या आणि नव्या गाडीला लावा. हे न मागता निघून जाणारे बघितले की माझाच जीव तुटतो.

मुहूर्त कोणता चांगला? दसरा, पाडवा, का डिसेंबर?

पितृपक्ष. शोरूम ओस असतं, सेल्समन बसून बोलतो. बोलणी तेव्हा उरका आणि गाडी दसऱ्याला आणा, घरातही वाद नको. डिसेंबरात सूट मिळते, पण पुढे विकताना उत्पादनाचं वर्ष विचारतात आणि महिन्याभरात तुमची गाडी 'गेल्या वर्षाची' होते. दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर तो तोटा विरघळतो. डिसेंबरात घ्या.

इलेक्ट्रिक स्वस्त होईपर्यंत जुनी ताणू का?

जुनी सुरक्षित असेल तर ताणा. घरी स्वतःचं पार्किंग आणि चार्जिंग असेल, रोजचं फिरणं गावातलं आणि कधीमधी पुणे, तर आताही जमेल. बॅटरीची हमी अनेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, म्हणजे ठेवायचीही साधारण तितकीच, असं धरून हिशोब करा.

वडील गाडी काढू देत नाहीत. काय करावं?

विकायचं नाव काढू नका. त्यांना जिल्हा रुग्णालयापर्यंत, मंडईपर्यंत ती चालवू द्या आणि हायवेची गाडी वेगळी करा. दोन गाड्यांचा विमा परवडत नसेल तर तिला थर्ड पार्टी. शाहूपुरीत एक आजोबा आहेत, दर रविवारी सकाळी गाडी धुतात, समर्थ मंदिरापर्यंत नेतात आणि परत आणून झाकतात. वर्षाला सहाशे किलोमीटर. त्या गाडीला कुठलाच हिशोब लागू होत नाही आणि मीही सांगायला जात नाही.

तुमची स्वतःची गाडी कोणती, आणि कधी बदलणार?

२०११ च्या दसऱ्याला घेतलेली पेट्रोल हॅचबॅक. १ लाख २८ हजार झालेत. वहीत प्रत्येक बिल आहे. इंजिन अजून तेल मागत नाही, खाली गंज नाही, ऑक्टोबर २०२६ ला पंधरा वर्षं पुरी होतात आणि पासिंगला ती आरामात जाईल. पैशाने बघितलं तर अजून चार वर्षं काढावी.

तिला एकही एअरबॅग नाही. लोकांना सांगताना हे मला चांगलं ठाऊक असतं, पण गाडीत मी एकटाच असतो असं स्वतःला सांगून वेळ मारून नेली. आता लेक ड्रायव्हिंग शिकतेय. परवा लायसन्सचा फोटो दाखवून म्हणाली, "बाबा, पुण्याला मीच घेऊन जाणार आपली गाडी." त्या संध्याकाळी मी दोन शोरूमना फोन करून ठेवलेत. पितृपक्षाची वाट बघायचं रद्द केलंय.